कुंपण न मानणारा पतंग

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, अमेरिकेच्या सीमेला खेटून ओसोयूस नावाचं छोटं गाव आहे. ओकानागन खोऱ्याचं हे दक्षिण टोक. कोरडा उन्हाळा, लांबलचक तळी आणि तळ्यांच्या काठांनी सफरचंद, चेरी, पीच नि द्राक्षांच्या बागा. या गावात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक आगळा कारखाना उभा राहिला. तिथे पतंग तयार होऊ लागले, तेही लाखोंनी. आणि ज्या किडीने त्या खोऱ्यातल्या बागायतदारांना पिढ्यान्‌पिढ्या जेरीस आणलं होतं, त्याच किडीचे हे पतंग होते.

कारखान्यात ट्रेमधल्या कृत्रिम खाद्यावर अळ्या पोसल्या जायच्या. पतंग बाहेर पडले की त्यांना थंडीत गारठवून गोळा करायचं, कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा मारा द्यायचा आणि मग लहान चारचाकी गाड्यांवरून बागेबागेत सोडून द्यायचं. किरणांमुळे त्यांची प्रजननशक्ती गेलेली असायची, पण उडण्याची आणि जोडीदार शोधण्याची ओढ शाबूत असायची. रानातल्या मादीचं अशा नराशी मीलन झालं, की तिची अंडी फुकट. एका रानटी पतंगामागे निदान चाळीस वांझ पतंग हवेत असावेत, असं उद्दिष्ट होतं. खाद्यात लाल रंग मिसळलेला असे. सापळ्यात सापडलेला पतंग चिरडला आणि आतून लाल निघाला तर तो कारखान्यातला, नाही निघाला तर रानातला. हिशेब ठेवायला एवढं पुरे होतं.

या योजनेचा खर्च फक्त बागायतदारांकडून घेतला गेला नाही. खोऱ्यातल्या प्रादेशिक प्रशासनांनी घरमालकांवरही कर बसवला. ज्यांच्या घरामागे सफरचंदाचं एखादंच झाड होतं त्यांनी कर भरला, आणि ज्यांच्याकडे झाडच नव्हतं त्यांनीही भरला. योजनेचे कर्मचारी उन्हाळाभर वस्त्यांमधून फिरून परसातली झाडं तपासत. कीड आवरत नसेल तर मालकाला झाडावरची सगळी फळं उतरवायला किंवा झाडच काढून टाकायला सांगण्याचा अधिकार त्यांना होता.

एका झाडासाठी एवढा खटाटोप का, याचं उत्तर त्या पतंगाच्या स्वभावात आहे.

अळीचं वर्ष

या किडीचं नाव कॉडलिंग मॉथ, म्हणजे सफरचंदाचा फळ पोखरणारा पतंग. शास्त्रीय नाव सिडिया पोमोनेला. सफरचंद कापल्यावर गाभ्यात जी गुलाबीसर पांढरी, तपकिरी डोक्याची अळी दिसते, ती बहुतेक वेळा हीच. सफरचंदाचं मूळ घर मध्य आशियात, आजच्या कझाकस्तानातल्या तिएन शानच्या उतारांवर. १९२९ साली रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह अल्माटी परिसरात गेले, तेव्हा त्यांनी तिथली रानटी सफरचंदाची जंगलं पाहिली आणि हेच या फळाचं उगमस्थान असावं असा निष्कर्ष काढला. झाड जिथे जिथे गेलं, तिथे तिथे त्याची अळीही जाऊन पोहोचली. वसाहतींच्या काळात ती अमेरिकेत गेली, पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिकेत.

हिवाळाभर पूर्ण वाढलेली अळी खोडाच्या सैल सालीखाली, झाडाखालच्या पाल्यात किंवा फळांच्या खोक्यांच्या फटीत रेशमी कोष विणून निपचित पडून असते. वसंतात तिचा पतंग होतो. फुलोऱ्याच्या सुमारास तो बाहेर पडतो. दिसायला करडा, जेमतेम सेंटिमीटरभर लांब, पंखांच्या टोकाला तांब्याच्या झाकेचा पट्टा. दिवसा तो सालीवर बसून राहिला तर दिसतही नाही. सूर्यास्ताला हवा सोळा-सतरा अंशांच्या वर असेल तर तो उडतो, मीलन होतं आणि मादी पानांवर, छोट्या फळांवर एकेक सुटं अंडं घालत जाते. एक मादी पन्नास-साठ अंडी सहज घालते. अंड्यातून निघालेली अळी काही तासांतच फळात शिरते आणि गाभ्याकडे जाऊन बिया खाते. विष्ठेचा भुसा मागच्या छिद्रातून बाहेर पडत राहतो. तीन ते पाच आठवड्यांनी ती फळ सोडते आणि कोषासाठी खोडाकडे निघते. उबदार प्रदेशात एका हंगामात अशा दोन-तीन पिढ्या होतात.

अंडं फुटल्यापासून अळी फळात शिरेपर्यंत, एवढाच वेळ ती उघड्यावर असते. एकदा ती आत गेली की कडुलिंबाचं तेल असो वा बाजारातलं महाग औषध, तिच्यापर्यंत काही पोहोचत नाही. फळावर भोक दिसल्यावर पंप काढणारा माणूस नेहमीच उशिरा आलेला असतो.

म्हणून या किडीशी झुंजणाऱ्यांनी कॅलेंडर सोडून तापमान मोजायला सुरुवात केली. दहा अंश सेल्सियसच्या खाली या किडीची वाढ थांबते. दिवसाचं कमाल तापमान २४ आणि किमान १२ असेल तर सरासरी १८. त्यातून १० वजा केले की त्या दिवशी किडीच्या खात्यात आठ ‘अंश-दिवस’ जमा झाले. सापळ्यात पतंग नेमाने पडू लागले त्या दिवसापासून ही बेरीज सुरू करायची. ती साधारण १४० वर आली की पहिली अंडी फुटायला लागतात. वसंत थंड असेल तर हा दिवस लांबतो, लवकर तापलं तर अलीकडे येतो. अमेरिकेतल्या कृषी विस्तार केंद्रांनी हे गणित परसातल्या झाडांसाठीही सोपं करून दिलं आहे. एक सापळा आणि रोजच्या तापमानाची नोंद एवढ्यावर ते जमतं.

सापळ्यातलं आमिष म्हणजे मादीचा गंध. हे गंधद्रव्य १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा संशोधन केंद्रात वेंडेल रोलॉफ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकाला हा प्रकार नवा नाही. गुलाबी बोंडअळीसाठी तो शेतात जे कामगंध सापळे लावतो, त्यांचंही तत्त्व हेच.

विषाचं शतक

सफरचंदाच्या किडीविरुद्धचा लढा हा कीटकनाशकांच्या इतिहासाचा एक मोठा भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस ग्रीन हे आर्सेनिकयुक्त हिरवं रंगद्रव्य झाडांवर फवारलं जाऊ लागलं. १८९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जिप्सी मॉथ या दुसऱ्या किडीसाठी लेड आर्सेनेट वापरलं गेलं, आणि लवकरच ते सफरचंदाच्या बागांमधलं प्रमुख औषध बनलं. शिसं आणि आर्सेनिक, दोन्ही विषं एकाच संयुगात. सुरुवातीला हंगामात दोन-तीन फवारण्या पुरायच्या. अळी दाद देईना, तसा फवारण्यांचा आकडा वाढत गेला.

१९२५-२६ मध्ये ब्रिटनमध्ये आयात केलेल्या अमेरिकी सफरचंदांवर आर्सेनिकचे अवशेष सापडले आणि मोठा गदारोळ झाला. मग अमेरिकेत फळं सौम्य आम्लाने धुऊन बाजारात पाठवायची पद्धत आली. फळ धुतलं गेलं, माती धुतली गेली नाही. वॉशिंग्टन राज्याच्या मध्यभागातल्या जुन्या बागांच्या हजारो एकर जमिनीत ते शिसं आणि आर्सेनिक आजही वरच्या थरात आहे. त्यातल्या अनेक जमिनींवर आता घरं, शाळा आणि मैदानं आहेत. तिथली सरकारी यंत्रणा रहिवाशांना माती तपासायला, मुलांचे हात-पाय धुवायला आणि भाजीसाठी वाफ्यात वेगळी माती भरायला सांगते.

कीड औषधाला सरावते, ही गोष्टही जगाने पहिल्यांदा फळझाडांवरच नोंदवली. १९१४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातले कीटकशास्त्रज्ञ ए. एल. मेलँडर यांनी एक निबंध लिहिला. सॅन होजे स्केल ही खवलेकीड चुना-गंधकाच्या फवाऱ्याने मरत असे, पण काही बागांमध्ये ती मरेनाशी झाली होती. फवाऱ्यातून जगलेल्या किडींची संतती तो फवारा सोसते, हे त्यांनी दाखवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं. लेड आर्सेनेटची जागा त्याने घेतली आणि काही वर्षांतच कॉडलिंग पतंग त्यालाही सरावला. शिवाय डीडीटीने लाल कोळ्यांना खाणारे मित्रकीटक मारले, त्यामुळे कोळ्यांचा उपद्रव नव्यानेच उसळला.

याच काळात कॅनडाच्या पूर्वेकडच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात ए. डी. पिकेट हे शास्त्रज्ञ वेगळ्या वाटेने चालले होते. अ‍ॅनापोलिस खोऱ्यातल्या बागांचं निरीक्षण करताना त्यांच्या लक्षात आलं, की काही फवारे किडीपेक्षा तिच्या शत्रूंनाच जास्त मारतात. त्यांनी फवारण्या कमी केल्या, मित्रकीटकांना सोसतील अशी औषधं निवडली आणि ती नेमक्या वेळी वापरली. त्याच प्रांतातल्या बागांमध्ये सुतारपक्षी हिवाळ्यात साल टोकरून दडलेल्या अळ्यांपैकी फार मोठा हिस्सा फस्त करतात, हेही मोजलं गेलं. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये पिकेट यांच्या कामाचा आवर्जून उल्लेख केला. आज कृषी विद्यापीठं ज्याला एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणतात, त्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांमध्ये अ‍ॅनापोलिसच्या बागा मोडतात.

ओसोयूसच्या कारखान्याची मुळंही याच शोधात आहेत. वांझ कीटक सोडून किडीचा वंश खुंटवायची कल्पना अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड निपलिंग यांची. १९५४ मध्ये कुरासाव बेटावर गुरांच्या जखमेत अळ्या घालणाऱ्या स्क्रूवर्म माशीचा त्या पद्धतीने नायनाट झाला. ओकानागनमधल्या समरलँड संशोधन केंद्रात एम. डी. प्रोव्हर्ब्ज यांनी हीच पद्धत कॉडलिंग पतंगावर आणायला घेतली. पतंगांच्या गुणसूत्रांची रचना माशीपेक्षा चिवट, त्यामुळे किरणांची मात्रा जास्त लागते. ती फार झाली तर पतंग उडण्याच्याही लायकीचा राहत नाही. हा मेळ साधण्यात वर्षं गेली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात शेजारच्या सिमिल्कामीन खोऱ्यात प्रयोग यशस्वी झाला आणि १९९४ पासून ओकानागनमध्ये पतंग सोडायला सुरुवात झाली. कीड समूळ नष्ट करायचं मूळचं उद्दिष्ट पुढे बदलून कायमचा आवर असं करण्यात आलं. योजनेच्याच आकड्यांनुसार खोऱ्यातले रानटी पतंग आणि त्यांच्यासाठी वापरलं जाणारं कीटकनाशक, दोन्ही ९० टक्क्यांहून अधिक घटले.

एका झाडाचा मालक

मोठ्या बागेत चालणारा उपाय परसात चालत नाही. नर-मादीची चुकामूक घडवणारं तंत्र पाहा. बागेत मादीच्या गंधाच्या शेकडो दोऱ्या टांगतात, सगळी हवा त्या वासाने भरून जाते आणि नराला खरी मादी सापडतच नाही. चार-पाच हेक्टरच्या सलग बागेत हे उत्तम चालतं. घरामागच्या दोन झाडांवर मात्र ते वाया जातं, कारण शेजारच्या झाडावर मीलन झालेली मादी उडत येते आणि अंडी घालते. तिला आता नराची गरजच नसते. एकट्या झाडावरचा कामगंध सापळाही फक्त नर पकडतो. फवारणी कधी करायची हे तो सांगेल, झाड वाचवणार नाही.

उलट मोठ्या बागायतदाराला न परवडणारी एक गोष्ट परसातल्या मालकाकडे असते. त्याला प्रत्येक फळापर्यंत हात पोचवता येतो.

झाड मात्र तेवढं ठेवावं लागतं. पंचवीस फुटांवर गेलेलं जुनं झाड ना विरळणीला हाती लागतं, ना पिशवी बांधायला. हिवाळी छाटणीत ते दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने खाली आणणं हे पहिलं काम.

दुसरं काम विरळणीचं. सफरचंद झुबक्याने लागतं. फुलोऱ्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी, फळ सुपारीपेक्षा मोठं होण्याआधी झुबक्यात एकच फळ ठेवायचं. दोन फळं जिथे एकमेकांना चिकटतात, तिथून शिरणं अळीला सोपं जातं. विरळणीने तो आडोसा जातो, फळही मोठं होतं. विरळणीला जोडूनच त्या एकेका फळाला कागदी पिशवी घालायची. कोकणात हापूसला कागदी पिशव्या घालणाऱ्या बागायतदाराला या कामाची चिकाटी ठाऊक आहे. जपानच्या आओमोरीत सफरचंदाला पिशव्या घालायची जुनी पद्धत मुळात फळ पोखरणाऱ्या पतंगापासून बचावासाठीच रुजली. पिशवीने विषाचा थेंबही न वापरता फळ वाचतं. रंग चांगला यावा म्हणून काढणीच्या काही आठवडे आधी ती काढायची, एवढंच पथ्य. पूर्ण झाडाला जमत नसेल तर हाताशी येतील तेवढ्या फांद्यांना घालावी.

तिसरं काम सफाईचं, आणि सर्वांत जास्त चुकवलं जाणारं. फुलोऱ्यानंतर सहा-आठ आठवड्यांपासून दर आठवड्या-पंधरवड्याला झाड न्याहाळायचं. भुसा बाहेर आलेलं फळ लगेच तोडायचं, खाली पडलेलं उचलायचं. आतली अळी बाहेर पडण्याआधी फळ हलवलं तरच उपयोग. ते उकिरड्यावर किंवा कंपोस्टच्या ढिगावर टाकलं तर अळी तिथूनही खोडाकडे जाते. बंद पिशवीत घालून कचऱ्यात, खोल पुरून किंवा गुरांना चारून त्याची विल्हेवाट लावायची.

चौथं काम खोडावरच्या पट्ट्याचं. नालीदार पुठ्ठ्याची चार ते सहा इंच रुंदीची पट्टी, नाळ्या सालीच्या बाजूला येतील अशी, खोडाभोवती घट्ट बांधायची. कोषासाठी खाली उतरणारी किंवा खोड चढणारी अळी त्या नाळ्यांमध्ये शिरते. ठरावीक मुदतीने पट्टी काढून जाळायची, नवी बांधायची. हा उपाय गुळगुळीत सालीच्या झाडावर चांगला चालतो. खडबडीत, फुटलेल्या सालीवर अळीला दडायला इतर जागा भरपूर असतात, म्हणून आधी सुटलेली साल हलक्या हाताने खरवडून काढतात.

यानंतर फवाऱ्याचा प्रश्न. घरगुती झाडासाठी आज सौम्य पर्याय आहेत. १९६३ मध्ये मेक्सिकोत मेलेल्या अळ्यांमध्ये एक विषाणू सापडला. तो फक्त कॉडलिंग पतंगाला आणि त्याच्या अगदी जवळच्या काही जातींना मारतो. मधमाश्या, पक्षी, माणसं यांना त्याचा उपद्रव नाही. त्याचं औषध बाजारात आहे. अळीने फळात शिरण्यापूर्वी ते खाल्लं पाहिजे आणि उन्हात ते काही दिवसांतच निकामी होतं, त्यामुळे अंश-दिवसांचं गणित इथे हवंच. याही औषधाला सरावलेली कीड २००५ च्या सुमारास जर्मनीतल्या काही बागांमध्ये आढळली. म्हणजे एकाच औषधावर विसंबायची चूक जैविक औषधाच्या बाबतीतही महागात पडते. दुसरा पर्याय केओलिन या पांढऱ्या मातीचा. तिचा पातळ थर फळ-पानांवर बसला की मादी अंडी घालायला कचरते. खवलेकीड आणि कोळ्यांच्या अंड्यांसाठी हिवाळ्याच्या शेवटी, कळ्या फुटायच्या बेतात असताना खनिज तेलाची फवारणी काश्मीर-हिमाचलातही वर्षानुवर्षं चालते. फुलोऱ्यात मात्र कुठलंही कीटकनाशक नको. परागीभवन मधमाश्यांच्या हाती असतं आणि बहुतेक सफरचंदांना शेजारच्या दुसऱ्या जातीचे परागकण लागतात.

काहीच केलं नाही तर? जात आणि प्रदेशानुसार २० ते ९० टक्के फळं किडतात. उशिरा पिकणाऱ्या जातींचं जास्त नुकसान होतं, कारण अळीच्या जास्त पिढ्यांना त्यांना तोंड द्यावं लागतं.

कायदा परसात येतो

अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य देशातली सर्वाधिक सफरचंदं पिकवतं. इथल्या कायद्यानुसार फळझाडावरची कीड आवरणं हे प्रत्येक मालकाचं कर्तव्य आहे, मग झाडं हजार असोत वा एक. मालकाने दुर्लक्ष केलं तर परगण्याचं कीड मंडळ स्वतः उपाय करून किंवा झाड काढून खर्च त्याच्याकडून वसूल करू शकतं. यामागे बाजाराची निकड आहे. २००२ च्या अखेरीस तैवानमध्ये अमेरिकी सफरचंदांत कॉडलिंगची अळी सापडली आणि तैवानने काही काळ आयातच थांबवली. पुढे नियम ठरला, की एका हंगामात तीनदा अळी सापडली तर दार बंद. कुणाच्या घरामागच्या दुर्लक्षित झाडावरून उडालेली मादी दूरच्या एखाद्या बागायतदाराचा परदेशी बाजार घालवू शकते.

या राज्यात मराठी माणसांचाही वावर मोठा आहे. सिअ‍ॅटलच्या पूर्वेकडच्या रेडमंड, सॅमामिश, बॉथेल या उपनगरांमध्ये संगणक क्षेत्रातली अनेक मराठी कुटुंबं राहतात. जुनं घर घेतलं की मागच्या अंगणात आधीच्या मालकाचं सफरचंदाचं झाड मिळणं तिथे नवलाचं नाही. या कुटुंबांना आणखी एक कीड भेटते, ती म्हणजे अ‍ॅपल मॅगट, सफरचंदाची फळमाशी. ती मूळची पूर्व अमेरिकेतली. हॉथॉर्न या काटेरी झाडाच्या फळांवर जगणारी ही माशी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन खोऱ्यात सफरचंदाकडे वळली. हा बदल इतका लक्षणीय, की नव्या जाती कशा घडतात याच्या अभ्यासात ती माशी आजही उदाहरण म्हणून येते. १९७९ मध्ये ती पश्चिमेकडे ओरेगॉनमध्ये आणि १९८० मध्ये वॉशिंग्टनमध्ये सापडली.

तिची मादी सालीखाली अंडी घालते. अळ्या गरातून तपकिरी बोगदे काढत फिरतात, फळासोबत खाली पडतात आणि मातीत कोष करतात. म्हणून इथे खोडाचा पट्टा कुचकामी ठरतो, गळलेली फळं उचलण्याला मात्र दुप्पट महत्त्व येतं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रोनाल्ड प्रोकोपी यांनी या माशीचा बारकाईने अभ्यास केला. मीलनासाठी आणि अंडी घालण्यासाठी ती डोळ्यांनी गोल, गडद आकार शोधते, हे त्यांनी दाखवलं. त्यातून लाल रंगाचा, चिकट लेप दिलेला, फळाहून थोडा मोठा गोळा हा सापळा तयार झाला. झाडावर टांगला की माशीला तो सर्वांत मोहक फळ वाटतो आणि ती तिथेच चिकटते. सिअ‍ॅटल परिसरातले हौशी बागवान लहान फळांना नायलॉनचे पातळ मोजेही चढवतात. या माशीवर ते चांगले चालतात, कॉडलिंगवर तितके नाहीत.

पूर्वेकडचा मुख्य सफरचंद पट्टा या माशीपासून बऱ्याच अंशी मुक्त ठेवण्यासाठी राज्याने क्वारंटाइनची रेषा आखली आहे. सिअ‍ॅटल ज्यात येतं तो किंग परगणा बंदीच्या भागात मोडतो. तिथून डोंगर ओलांडून वेनाचीकडे फिरायला जाताना घरच्या झाडाची सफरचंदं न्यायला मनाई आहे, आणि महामार्गावर तशा पाट्या लागलेल्या असतात. पाल्यापाचोळ्याच्या वाहतुकीवरही निर्बंध आहेत.

लडाखची भिंत

भारतात कॉडलिंग पतंगाचं ठाणं आहे लडाखमध्ये. आणि लडाखमधलं सफरचंद प्रामुख्याने परसातलंच. तिथे सफरचंदाला कुशू म्हणतात. जर्दाळूच्या, म्हणजे चुलीच्या जोडीने घराच्या भिंतीलगत, जवाच्या शेताच्या बांधावर, पाटाच्या कडेने दोन-चार झाडं बहुतेक घरी असतात. कारगिल, खालचं सिंधू खोरं, नुब्रा हे त्याचे मुख्य भाग. हिवाळ्यात पारा शून्याच्या वीस अंश खाली जातो, पण सालीखाली कोषात निद्रिस्त अळी ते सोसते. घरच्या साठवणीच्या खोलीत, लाकडाच्या फटींमध्ये तर तिला आणखी ऊब मिळते.

१९१४ च्या कीड-कीटक कायद्याखालच्या देशांतर्गत क्वारंटाइनच्या यादीत कॉडलिंग मॉथ आहे आणि प्रदेश म्हणून नाव आहे लडाखचं. शेजारीच काश्मीर खोरं, पलीकडे हिमाचल. लाखो कुटुंबांचं पोट सफरचंदावर असलेले हे दोन्ही भाग या पतंगापासून दूर राखायचे, तर लडाखचं ताजं सफरचंद बाहेर जाता कामा नये. गोड, कुरकुरीत, औषधांचा फारसा स्पर्श नसलेलं फळ पिकवूनही लडाखी शेतकऱ्याला त्यामुळे देशाचा बाजार बंद राहिला. फळ गावात विका, सैन्याला द्या, वाळवा किंवा गुरांना घाला, हेच मार्ग त्याच्यापुढे होते. काश्मीर-हिमाचलच्या रक्षणाची किंमत या घरांनी मोजली आहे, आणि तिची दखल देशात फारच कमी घेतली गेली.

उपाय शोधण्याचं काम शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी केलं आहे. कारगिलमध्ये त्यांनी कामगंध सापळे मोठ्या संख्येने लावून पतंग पकडण्याचे प्रयोग केले. खोडाला गोणपाटाचे पट्टे बांधून अळ्या गोळा करणं, अंड्यांवर जगणारे ट्रायकोग्रामा हे सूक्ष्म गांधीलवर्गीय कीटक सोडणं, गळलेली फळं आणि साल नष्ट करणं असे उपायही तिथे आजमावले गेले. लडाखच्या दऱ्या एकमेकींपासून उजाड डोंगरांनी तुटलेल्या आहेत, एका खोऱ्यातली हिरवाई दुसऱ्याला भिडत नाही. संपूर्ण खोऱ्यात एकदम काम करायला हा भूगोल ओकानागनपेक्षाही सोयीचा आहे. एका गावातल्या सगळ्या घरांनी एकाच आठवड्यात पट्टे बांधले आणि एकाच आठवड्यात काढून जाळले, तर बाहेरून येऊन अंडी घालणाऱ्या माद्या थोड्याच उरतात. त्यासाठी सापळे, प्रशिक्षण आणि मजुरीचा खर्च सरकारने उचलायला हवा, कारण त्याचा सर्वांत मोठा लाभ लडाखच्या बाहेर होणार आहे.

उन्हाळ्यात मुंबई-पुण्याहून लेहला जाणाऱ्या पर्यटकांचाही यात वाटा आहे. परतताना पाठपिशवीत घातलेली चार ताजी सफरचंदं ही निरुपद्रवी भेट नव्हे. सुकवलेलं फळ आणावं, ताजं तिथेच खावं.

इथली नवी झाडं

महाराष्ट्रात आता सफरचंद लावलं जातं. हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारी एचआरएमएन-९९ ही जात निवडून वाढवली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची रोपं महाराष्ट्रातही शेतांवर, फार्महाऊसवर आणि घरामागच्या जागेत लागली आहेत. या झाडांना कॉडलिंग पतंगाचा धोका आज नाही. परंतु रोपांबरोबर इतर कीड प्रवास करते. लोकरी मावा हे त्याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण. मूळची उत्तर अमेरिकेतली ही कीड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडहून आलेल्या कलमांवरून निलगिरीतल्या कुन्नूरला पोहोचली आणि पुढे हिमालयातल्या बागांमध्ये पसरली. ती फांद्यांवर दिसते आणि मुळांवर दडते, मुळांना गाठी येतात. १९३० च्या दशकात तिच्यावर जगणारा अ‍ॅफेलिनस माली हा बारीकसा परजीवी कीटक भारतात आणला गेला, तो रुजला आणि आजही काम करतो आहे. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग आणि मर्टन इथल्या संशोधकांनी ‘नॉर्दर्न स्पाय’ या प्रतिकारक्षम जातीचा संकर करून एमएम-१०६, एमएम-१११ असे खुंटही तयार केले. हिमाचलात ते सर्रास वापरले जातात.

म्हणून महाराष्ट्रात रोप घेणाऱ्याने ते कुठल्या खुंटावर बांधलं आहे हे रोपवाटिकेला विचारावं. कुरिअरने आलेलं रोप लगेच जमिनीत न लावता मुळांची माती हलकेच झटकून पाहावी. मुळांवर गाठी किंवा सांध्यावर कापसासारखा पांढरा लोकरी थर असेल तर रोप परत करावं किंवा जाळावं. शंका असेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात ते दाखवावं. एकाच गावात दहा जणांनी झाडं लावली असतील, तर दहाही जणांनी पहिल्या दोन वर्षांत महिन्यातून एकदा एकमेकांची झाडं पाहावीत. कीड नवीन असताना ती एका फांदीवर असते, त्या फांदीपुरता खर्च पुरतो.

हिवाळा लागतो तेव्हा सफरचंदाच्या सगळ्या उत्तरेकडच्या मुलखात काढणी आटोपलेली असते. अळ्या सालीखाली गेलेल्या असतात. खोडावरचे पुठ्ठ्याचे पट्टे काढून जाळायचे, झाडाखालचं शेवटचं गळलेलं फळ उचलायचं आणि फळांची लाकडी खोकी फटींसकट घासून ठेवायची, ही कामं नोव्हेंबर ते जानेवारीत करायची असतात. रेडमंडच्या अंगणात ती एका दुपारची आहेत, कारगिलच्या घरी दोन-तीन दिवसांची. शेजाऱ्याच्या झाडाचीही त्याच वेळी झाली, तर वसंतात पहिल्या सापळ्यात पडणाऱ्या पतंगांची मोजदाद दोन्ही घरांना एकत्र करता येईल.